नऊ सेकंदांचा जोड

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं एका रेकॉर्डिंग स्टुडिओत फिती कापायचं काम करत होत्या. गाण्याच्या फितीतला बिघडलेला तुकडा कापायचा, त्याच्या जागी दुसऱ्या खेपेचा चांगला तुकडा चिकटवायचा आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हे ते काम. हातात सदा दाढीचं ब्लेड, म्हणून स्टुडिओत सगळे त्यांना ब्लेडबाई म्हणत. घरात आम्ही आई म्हणतो.

स्वभाव भित्रा. दाराची बेल अवेळी वाजली तरी त्यांच्या हातातला कप बशीवर खुळखुळतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, वयाचं असेल. पण ती भीती चव्वेचाळीस वर्षं जुनी होती, आणि सुरू झाली तो दिवस त्यांना तारीखवार पाठ होता. मला हे कळलं ते गेल्या वर्षी, आणि तेही माझ्याच उद्योगामुळे.

गेल्या वर्षी आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. मग दिवसभर करायचं काय, तर फोनवर गाणी. फोनच्या आवाजाला त्या वैतागल्या. "डब्यात वाटाणे घालून हलवल्यासारखं वाटतं गं," म्हणाल्या. घरात एक अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर होते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी तेच मागून घेतले होते. कोपऱ्यात चादरीखाली पडलेले, वर कुंड्या ठेवलेल्या. मी टेलिफोन कंपनीत आहे, लोकांच्या घरी इंटरनेटच्या लाइनी टाकते. म्हटलं, परक्यांच्या भिंतींना भोकं पाडत फिरते, घरचं एवढं काम होणार नाही का.

पहिल्या दिवशी फोन ब्लूटूथने जोडून दिला. आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसल्या आणि मिनिटभराने म्हणाल्या, "गाणं येतंय, पण बाईच्या तोंडावर कोणीतरी उशी धरलीय."

मी अॅपच्या सेटिंगमध्ये गेले. डेटा वाचवण्यासाठी आवाज कमी प्रतीचा करून ठेवलेला होता, तो सगळ्यात वरच्या प्रतीवर नेला. सगळी गाणी एकाच मोठेपणाची करून टाकणारं एक बटण असतं, ते बंद केलं. उशी थोडी सरकली. मग ब्लूटूथच काढून टाकलं. थेट इंटरनेटवरून गाणं घेऊन अॅम्प्लिफायरला देणारा एक लहानसा डबा मिळतो, तो आणला आणि त्याला वायफायऐवजी केबल जोडली. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, खाली विटा घातल्या, दोन्ही स्पीकरपासून सुतळीने मापून खुर्ची सारख्या अंतरावर ठेवली.

एवढं करूनही आईंचं समाधान नव्हतं. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "मधे भोक आहे. गाणारी मधे उभी राहायला हवी, ती भिंतीत शिरलीय. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लावलीयेस तू."

मी खात्रीने सांगितलं की नाही. मग वाकून बघितलं. लावली होती.

वायर सुलटी केली आणि मी, जिला सुरांतलं ओ की ठो कळत नाही, तीसुद्धा जमिनीवरच ऐकत बसले. गाणारी बाई खरोखर आमच्या खोलीत, दोन स्पीकरच्या मधोमध उभी होती. तिच्या मागे कुठेतरी तबलजीने पाय हलवला, तो ऐकू आला. आईंच्या गालावर पट्टीखालून पाणी आलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी रडायला बंदी केलीय." त्या हसल्या. आमच्या घरातली ती फार चांगली दुपार होती, साधारण वीस मिनिटांची.

मग एक गाणं संपलं आणि अॅपने आपल्या मनाने दुसरं लावलं. एक अंगाईगीत, थोरल्या बाईंनी गायलेलं. थोरल्या बाई म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गायिका, आणि हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. तिसऱ्या कडव्यात आवाज एकदम वर चढतो आणि तिथे दगडालाही झोप लागेल असं काहीतरी होतं. तेवढ्या ओळीसाठी त्यांना मोठं बक्षीस मिळालं होतं. गाणं सुरू झालं तशा आईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तिसरं कडवं आलं. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "आणि ती खिडकी लाव."

ती ओळ थोरल्या बाईंनी गायलेलीच नव्हती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी थोरल्या बाईंचा गळा बसला होता. वाद्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली होती, त्यांवर फक्त आवाज घ्यायचा होता. तिसऱ्या कडव्यातली वरची ओळ अकरा वेळा घेतली आणि अकराही वेळा आवाज फाटला. बाई चिडून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फिती तबकड्यांच्या कारखान्यात जायच्या होत्या. संगीतकाराने कोरसमधल्या एका बावीस वर्षांच्या मुलीला थांबवून घेतलं. तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिचा आवाज थोरल्या बाईंच्या आवाजाच्या जवळपास जायचा. तिने ती ओळ एका दमात गायली. नऊ सेकंद. चोवीस वर्षांच्या ब्लेडबाईने ते नऊ सेकंद कापून, तबल्याच्या ठोक्याखाली जोड लपवून, थोरल्या बाईंच्या आवाजात बसवून दिले. खोलीत चार माणसं होती: संगीतकार, स्टुडिओचे मालक, चिमणी आणि आई. चौघांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलं. दोघे पुरुष केव्हाच वारले. थोरल्या बाईही सहा वर्षांपूर्वी गेल्या.

रेडिओवर, कॅसेटवर, फोनवर तो जोड कोणाच्या बापाला कळला नसता. पण मी मांडून दिलेल्या त्या दोन स्पीकरांच्या मधे तो उघडा पडला होता. थोरल्या बाई श्वास घेतात, आणि लगेच कोणीतरी दुसरा श्वास घेतं. त्यांच्या आवाजामागचा घुमारा मधेच तुटतो. नऊ सेकंद एक वेगळीच मुलगी पाऊलभर मागे उभी राहून गाते आणि निघून जाते.

हे सगळं आईंनी मला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ते पहिलंच बरं होतं. ब्लूटूथ." मी चक्रावले. पण दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर आले तर दाराबाहेर तेच गाणं ऐकू आलं, अगदी बारीक आवाजात. आई खिडक्या लावून, पडदे ओढून बसल्या होत्या. तिसरं कडवं संपलं की मागे नेत होत्या, पुन्हा ऐकत होत्या. मी दिवा लावला तशा अशा दचकल्या की रिमोट खाली पडला.

आठवडाभर हे चाललं. जेवण निम्म्यावर आलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले आणि सहज म्हणाले, "काय सुरेख आवाज आहे हो तुमच्याकडे, शब्द न् शब्द कळतो." आईंनी कठडा धरला. घरात आल्यावर मला विचारलं, "त्यांच्याकडेही असलाच डबा आहे का? किती लोकांकडे असतो?"

"लाखो असतील," मी म्हटलं. मला काय माहीत.

मग मंगळवारी सकाळी फोन आला. जुनी गाणी मूळ फितींवरून पुन्हा काढणाऱ्या कंपनीतल्या एक बाई बोलत होत्या. आईंचे डोळे अजून कच्चे म्हणून मी फोन स्पीकरवर लावून दिला होता, त्यामुळे मीही ऐकलं.

"त्या अंगाईगीताची फीत आमच्याकडे आलीय," त्या म्हणाल्या. "डब्यावर तुमची सही आहे. तिसऱ्या कडव्यात दोन जोड आहेत. इतके सफाईदार की आधी कळलेच नाहीत, फीत गुंडाळताना बोटाला लागले. पण नव्या आवृत्तीत, चांगल्या स्पीकरवर, ते ऐकू येतात. आम्ही कॉम्प्युटरवर ती जागा मिटवू शकतो. मागचा-पुढचा आवाज बघून मधला तसाच करून टाकायचा. मग कोणाला कधीच शंका येणार नाही. शुक्रवारी गाणं बाहेर पडतंय. मिटवू ना?"

आई भिंतीकडे बघत होत्या. "मिटवा," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःहून चहा मागितला. मला वाटलं, चला, काय असेल ते निस्तरलं. दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.  "मी तिला दुसऱ्यांदा कापलं," म्हणाल्या, आणि मग मला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "पण आई, यात तुमचा काय दोष? वरून सांगितलं, तुम्ही जोडलं."

"तेवढंच नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांनी संगीतकार माझ्याकडे आले. म्हणाले, पोरीला एकटीचं गाणं द्यावं म्हणतो, फार मोठी होईल. पण त्या ओळीवरून लोक आवाज ओळखतील का? तुझा कान सांगतो ते सांग. मला माहीत होतं, कोणी ओळखणार नाही. कोणीसुद्धा नाही. पण मी घाबरले. ओळखलं असतं तर जोड कोणी केला, हा प्रश्न पहिला माझ्यावर आला असता. मी म्हटलं, ओळखतील. त्यानंतर तिला कोरसमध्येही बोलावलं नाही."

मी भांडी घासत राहिले. शेवटी विचारलं, "चिमणी कुठे असते?"

त्यांना पत्ता माहीत होता. चव्वेचाळीस वर्षं तिच्या प्रत्येक बदललेल्या पत्त्याची खबर त्यांनी ठेवली होती, आणि त्या रस्त्याने जायचं टाळलं होतं.

बुधवारी मी रजा टाकली. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या, जिना अरुंद. दुसऱ्या वळणावर आई थांबल्या. "उद्या येऊ या का," म्हणाल्या.  मी त्यांच्या कोपराला हात लावला तर बाहीतून घाम लागला. मी म्हटलं, "उद्याच्या नंतर शुक्रवार आहे." मग त्या एकेक पायरी मोजल्यासारख्या चढल्या.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. चष्मा कपाळावर. आईंना त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"ब्लेडबाई," त्या म्हणाल्या. "कोण वारलं?"

"कोणी नाही."

"मग आत या."

चिमणीने तीस वर्षं एका इस्पितळाच्या टेलिफोनवर काम केलं होतं. तो आवाज अजून तसाच होता, थांबा, जोडून देते, म्हणणारा, स्वच्छ आणि घाई नसलेला. आईंनी चहाला नको म्हटलं, बसायलाही नको म्हटलं. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कंपनीचा फोन, मिटवा म्हटल्याचं, आणि मग ते 'ओळखतील'. आवाज इतका खाली गेला होता की चिमणीला पुढे झुकावं लागलं.

सांगून झालं. खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज येत होता.

"दोन वर्षं मी वाट बघितली," चिमणी म्हणाली. "बेल वाजली की वाटायचं, स्टुडिओचा निरोप. मग मी ठरवलं की माझा आवाजच वाईट असणार. तुझ्यासारख्या कान असलेल्या माणसांनी ऐकला आणि नको म्हटलं, म्हणजे वाईटच. मुलीला गायची हौस होती. तिलाही मी शिकवलं नाही. म्हटलं, नसत्या आशेला कशाला लावा." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आईंकडे नीट बघितलं. "आणि तू नुसती घाबरली होतीस."

"हो."

"एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाल्या.

मला वाटलं, आता ही आम्हाला जिन्यावरून ढकलणार. ती उठली, खिडकीशी गेली. मग म्हणाली, "मी ते गाणं कधी पुरतं ऐकलेलं नाही. कुठे लागलं की उठून जायचे. ऐकव मला. मिटवायच्या आधी."

गुरुवारी सकाळी ती आमच्याकडे आली. आईंनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या, पळायची वेळ आली तर पळता येईल अशा. मी गाणं लावलं. पहिलं कडवं, दुसरं. चिमणीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिसऱ्या कडव्यात तो दुसरा श्वास आला आणि तिने स्वतः तोच श्वास घेतला, न ठरवता. नऊ सेकंद तिचे ओठ हलत होते.

"पुन्हा."

तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "शेवटाला माझा सूर केसभर चढा लागलाय. घाबरले होते ना." थोड्या वेळाने, "पण बरी आहे. अगं, चांगली आहे." हे तिने आम्हाला कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. मग आईंकडे वळून म्हणाली, "मिटवू द्यायचं नाही. फोन लाव."

आईंनी फोन लावला. दोनदा नंबर चुकला. "ती जागा आहे तशी ठेवा," त्यांनी सांगितलं. "तिथे दुसरी गायिका आहे. मी जोडलंय. लिहून देते."

कंपनीतल्या बाईंनी ते पुन्हा विचारून घेतलं. मग त्या बाई म्हणाल्या की असं असेल तर थोरल्या बाईंच्या घरच्यांची संमती हवी, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल. ते ऐकून आईंचा उरलासुरला रंगही उडाला.

थोरल्या बाईंचा मुलगा दातांचा डॉक्टर. दुपारी आम्ही तिघी त्याच्या दवाखान्यात जाऊन बसलो. आत ड्रिलचा आवाज चालू, आणि त्या आवाजाने आई आणखीच आखडल्या. मी त्यांच्या कानात म्हटलं की वाटलं तर मी बोलते. त्यांनी मान हलवली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कोणता दात? चिमणी म्हणाली, "जुना आहे. मुळापासून दुखतो."

डॉक्टर पन्नाशीचा, थकलेला माणूस. मास्क हनुवटीवर ओढून त्याने सगळं ऐकून घेतलं. आई बोलत असताना तो एकदाही मधे बोलला नाही, त्यामुळे त्यांची भीती वाढत गेली आणि शेवटी शेवटी शब्द अडखळायला लागले. मी दाराकडे बघून ठेवलं होतं.

"माझ्या आईला माहीत होतं," तो म्हणाला.

आईंनी पुढे केलेला संमतीचा कागद टेबलावर तसाच राहिला.

"स्वतःचा आवाज ती ओळखणार नाही का? आमच्या घरात ते गाणं लावायला बंदी होती. कार्यक्रमात फर्माईश आली की ती तिसरं कडवं गाळायची. लोकांना वाटायचं, वेळ नाही. मी लहान असताना एकदा चुकून रेडिओवर लागलं, तर ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. मला त्या गाण्याची भीतीच वाटायची. वाटायचं, त्यात कोणीतरी मेलंय." तो चिमणीकडे बघत होता. "बक्षीस का घेतलं, ते मला विचारू नका. मी तिला विचारलं नव्हतं."

चिमणी म्हणाली, "मीही विचारणार नाही."

त्याने कागदावर सही केली. पेन ठेवताना म्हणाला की लोक आता त्याच्या आईला नावं ठेवतील. तसं होणार नाही, असं कोणीच म्हणालं नाही.

शुक्रवार टळला. गाणं तीन आठवड्यांनी बाहेर पडलं, जोडासकट. खाली गायिकांच्या नावांत दुसरं नाव आलं आणि फीत जोडणारीचंही. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. थोरल्या बाईंना लबाड म्हणणारे निघाले. आईंना शिव्या देणारी दोन पत्रं आली. एक माणूस फोन करून काहीच बोलायचा नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. महिनाभर फोन मीच उचलत होते. आईंची भीती गेली असं मी म्हणणार नाही. बेल वाजली की कप अजून खुळखुळतो. झोप मात्र लागते, आणि दुपारी खिडक्या उघड्या असतात.

चिमणीला गायला कोणी बोलावलं नाही. सहासष्टाव्या वर्षी कोण बोलावणार. तिच्या मुलीने एकदा फोन करून आईंना बरंच सुनावलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मधेमधे फक्त हो म्हटलं.

चिमणी दर गुरुवारी येते. मी एकदा आईंना विचारलं, त्यांनी तुम्हाला माफ केलं का? आई म्हणाल्या, "विचारायची हिंमत होत नाही." मग एका गुरुवारी चिमणीनेच सांगितलं, चहा पिता पिता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. "मी तुला माफबिफ केलेलं नाही हं. पण असला आवाज माझ्या घरी नाही." आई म्हणाल्या, "ये की मग."

सध्या दोघी तिची कोरसमधली गाणी शोधताहेत. तेव्हा कोरसच्या मुलींची नावं कुठेच लिहीत नसत, त्यामुळे एकेक गाणं लावून बारा जणींच्या आवाजांत एक आवाज हुडकायचा, असं काम आहे. परवा एका गाण्यात त्यांचा वाद झाला. आई म्हणाल्या डावीकडून दुसरी, चिमणी म्हणाली छे, ती मी नव्हेच. मला स्पीकर बोटभर आत वळवायला सांगितलं, मग बोटभर बाहेर. आतापर्यंत चौदा गाणी सापडली आहेत.